भाग २७ : पान दिसतंय, पण चालत का नाही?

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती काढली आहे आणि काही वाक्यं वाचायला सोपी केली आहेत. बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय एका मेलमधून आलाय. सांगलीहून एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, आमच्या टीममध्ये सहा जण आहेत आणि दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, पान सर्व्हरवरच तयार करून पाठवा. दुसरा म्हणतो, रिअ‍ॅक्ट आहे ना, मग सगळं ब्राउझरमध्ये करू. सर म्हणतात, दोन्ही करा. पण दोन्ही करा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणीच सांगत नाही."

तर मित्रा, तुमचे सर बरोबर आहेत. पण "दोन्ही करा" हे बोलायला सोपं आहे. त्यात एक अशी फट राहते, जी ऑफिसमध्ये बसून दिसत नाही. मला ती फट माझ्या मामांच्या ट्रॅक्टरमुळे दिसली. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

मामांचा ट्रॅक्टर

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही शेतमालाचे भाव दाखवणारं एक पान बनवत होतो. वर बाजार समिती निवडायची, की खाली तिथली आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव दिसायचा. पहिली आवृत्ती पूर्णपणे ब्राउझरमध्ये बनणारी होती. ऑफिसच्या वायफायवर, आमच्या लॅपटॉपवर ती झकास चालायची.

माझे मामा निफाड तालुक्यात कांदा करतात. मी मोठ्या कौतुकाने त्यांना लिंक पाठवली. संध्याकाळी फोन आला.

"अरे, तुझं पान पांढरंफटक आहे. काही लिहिलंयस का त्यात?"

"मामा, थोडं थांबा, लोड होत असेल."

"थांबलो की. चहा पिऊन झाला माझा."

मग आम्ही दुसरी आवृत्ती केली. पान सर्व्हरवर तयार करून पाठवायला लागलो आणि त्यावर रिअ‍ॅक्ट ठेवलं. मामांच्या जुन्या फोनवरही भाव पटकन दिसायला लागले. मामा खूश, मी खूश, साहेबही खूश.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता. "तुझ्या पानावर लासलगाव अन् पिंपळगाव, दोन्हीकडं भाव सारखाच होता. पिंपळगावला माझं दुसरं एक काम होतं, म्हणून ट्रॅक्टर तिकडं नेला. तिथं गेल्यावर कळलं, भाव कमी आहे."

मी माझ्या फोनवर पान उघडलं. दोन्ही भाव वेगवेगळे दिसत होते. मी म्हटलं, "मामा, नीट बघितलं होतं ना तुम्ही?" त्यावर ते एवढंच म्हणाले, "डोळे शाबूत आहेत माझे."

आणि ते खरंच होतं. मामांनी नीटच बघितलं होतं, खोटं बोललं होतं ते आमचं पान. हे कसं झालं ते कळण्यासाठी आधी पान बनतं कुठे, ते बघू.

पान नेमकं कुठे बनतं?

एक साधी कल्पना करा. तुम्हाला जेवण हवंय. एक खानावळ तुम्हाला वाढलेलं ताट देते. दुसरी तुम्हाला शिधा आणि कृतीचा कागद देते आणि म्हणते, घरी जाऊन शिजवा.

वाढलेलं ताट म्हणजे सर्व्हर-साइड रेंडरिंग. ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हर डेटाबेसमधून भाव काढतो, ते एचटीएमएलमध्ये बसवतो आणि तयार पान पाठवतो. ब्राउझरला ते आल्या आल्या दाखवता येतं.

शिधा आणि कृती म्हणजे क्लायंट-साइड रेंडरिंग. इथे पहिल्यांदा जे एचटीएमएल येतं, ते जवळजवळ रिकामं असतं. त्यात एक मोकळा डबा आणि जावास्क्रिप्टच्या फाइलचा पत्ता. मग ती फाइल उतरवायची, फोनने ती वाचायची, चालवायची. ती चालली की एपीआयकडून डेटा मागायचा. डेटा आला की मग पान रंगवायचं. म्हणजे सर्व्हरकडे एकामागून एक तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत रेंजचा खेळ.

थोडा हिशोब करू. समजा जावास्क्रिप्टची फाइल ९०० किलोबाइटची आहे आणि नेट सेकंदाला २०० किलोबाइट देतंय. नुसती फाइल उतरायलाच साडेचार सेकंद गेले. त्यानंतर स्वस्त फोनचा प्रोसेसर ती फाइल वाचणार, चालवणार. तिथे लॅपटॉपच्या कित्येक पट वेळ लागू शकतो. तोवर पडदा पांढरा. मामांचा चहा तिथेच संपला.

मग लोक क्लायंट-साइड रेंडरिंग करतातच कशाला? कारण एकदा चूल पेटली की पुढचं सगळं झटपट होतं. समिती बदलली, तर अख्खं पान पुन्हा आणावं लागत नाही, फक्त नवे आकडे येतात. नकाशा सरकवायचा असेल, ईमेल लिहायचा असेल, तक्त्यात आकडे भरायचे असतील, तर दर क्लिकला सर्व्हरकडे जाणं परवडत नाही.

थोडक्यात सांगायचं तर पहिल्या दर्शनाला सर्व्हर चांगला आणि पुढच्या वावराला ब्राउझर चांगला. दोन्ही एकत्र आणायची ओढ इथूनच सुरू होते.

ट्विटरचा धडा

हा वाद नवा नाही बरं का. १९९५ साली पीएचपी आलं, आणि त्याच वर्षी जावास्क्रिप्टही आलं. पुढची दहा वर्षं बहुतेक पानं सर्व्हरवरच बनायची. जावास्क्रिप्टचं काम म्हणजे फॉर्म तपासणं आणि मेनू उघडणं. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गुगल मॅप्स आलं, आणि लोकांना दिसलं की पान पुन्हा लोड न करताही ब्राउझरमध्ये केवढं तरी करता येतं. त्याच २००५ मध्ये या पद्धतीला एजॅक्स हे नाव मिळालं.

आता खरा धडा. २०१० मध्ये ट्विटरने आपली वेबसाइट नव्याने बांधली आणि पान रंगवण्याचं काम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टकडे दिलं. त्या काळातले ट्विटरचे पत्ते तुम्हाला आठवत असतील, मध्ये हॅश आणि उद्गारचिन्ह असायचं. यातली गंमत अशी, की पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे तुम्हाला कोणतं ट्वीट हवंय, हे सर्व्हरला कळायचा मार्गच नाही. आधी रिकामं पान येणार, मग जावास्क्रिप्ट येणार, मग ते पत्ता वाचणार, मग ट्वीट मागणार. १४० अक्षरांच्या मजकुरासाठी एवढा द्राविडी प्राणायाम!

२०१२ च्या मे महिन्यात ट्विटरच्या इंजिनिअरांनी जाहीरपणे लिहिलं, की आम्ही रेंडरिंग पुन्हा सर्व्हरवर नेतोय. त्यांनी मोजमापही नेमकं निवडलं होतं: पहिलं ट्वीट डोळ्यांना दिसेपर्यंत लागणारा वेळ. बदलानंतर पहिल्यांदा पान उघडण्याचा वेळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आला, असं त्यांनी सांगितलं.

यातून मी एक गोष्ट शिकलो. आपण नेहमी मोजतो ते "पान लोड झालं का". वापरणारा मोजतो ते "मला हवं ते दिसलं का". ट्विटरवर ते पहिलं ट्वीट आहे, आपल्या पानावर कांद्याचा भाव.

एकच कोड, दोन्हीकडे

सर्व्हरवर एक भाषा आणि ब्राउझरमध्ये दुसरी असेल, तर तोच तक्ता दोनदा लिहावा लागतो. एकदा पीएचपीत, एकदा जावास्क्रिप्टमध्ये. महिन्याभरात दोघांत फरक पडतोच. २००९ मध्ये नोड जेएस आलं आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही आरामात चालायला लागलं. मग विचार पुढे आला, की तोच कोड दोन्हीकडे का चालवू नये? २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्यात तोच घटक सर्व्हरवर चालवून एचटीएमएल काढता येतं आणि ब्राउझरमध्येही चालवता येतो. २०१६ मध्ये नेक्स्ट जेएस आणि व्ह्यूसाठी नक्स्ट आलं, आणि ही जोडणी आयती मिळायला लागली.

आता ही जोडणी चालते कशी, ते नीट ऐका. आजचा सगळा भाग यावर उभा आहे.

पहिली पायरी: सर्व्हर घटक चालवतो, एचटीएमएल बनवतो, पाठवतो. वापरणाऱ्याला पान दिसतं.

दुसरी पायरी: त्याच पानात सर्व्हर तो डेटाही वेगळा ठेवतो, ज्यावरून पान बनलं. म्हणजे भावाचा आकडा दोनदा येतो, एकदा तक्त्यात आणि एकदा कोडसाठी.

तिसरी पायरी: जावास्क्रिप्टची फाइल उतरते. ब्राउझर तोच घटक, तोच डेटा घेऊन पुन्हा चालवतो, आलेल्या एचटीएमएलशी जुळवतो आणि बटणांना, याद्यांना, रकान्यांना कोड जोडतो. या तिसऱ्या पायरीला हायड्रेशन म्हणतात.

घरात नवा स्विचबोर्ड बसवलाय अशी कल्पना करा. भिंतीवर बोर्ड दिसतो, बटणं दाबली तर टक टक आवाजही येतो. पण मागची वायर अजून जोडलेली नाही. हायड्रेशन म्हणजे ती वायर जोडणं. आणि पान दिसल्यापासून वायर जोडली जाईपर्यंतचा जो काळ आहे, तीच ती फट.

फटीत काय झालं

आता मामांकडे परत येऊ.

त्यांनी पान उघडलं. सर्व्हरने लासलगावचा भाव भरून पाठवला होता, कारण ती आमची आधीच निवडलेली समिती होती. भाव लगेच दिसला. मामांनी यादी उघडून पिंपळगाव निवडलं. समिती निवडायची यादी हा ब्राउझरचा स्वतःचा घटक आहे. ती उघडायला आणि निवड दाखवायला जावास्क्रिप्ट लागत नाही. त्यामुळे वरच्या डब्यात "पिंपळगाव" आलं. पण निवड बदलली की नवा भाव आणायचा, हे काम आमच्या कोडचं होतं, आणि तो कोड अजून फोनमध्ये पोचलाच नव्हता. निवड बदलल्याची घटना घडली, ती ऐकायला कोणी नव्हतं, ती विरून गेली.

काही सेकंदांनी कोड आला, हायड्रेशन झालं. कोडच्या मते निवड अजून लासलगावच होती. डब्यातलं "पिंपळगाव" त्याने बदललंही नाही. वर नाव पिंपळगावचं, खाली भाव लासलगावचा. मामांनी आधी लासलगावचा भाव वाचला होता, मग पिंपळगावचा "वाचला". दोन्ही सारखे. कसे नसतील? एकच आकडा होता तो!

आमच्या लॅपटॉपवर ही फट डोळ्याची पापणी लवण्याइतकी होती, म्हणून कुणालाच सापडली नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम मंद केलं, प्रोसेसर मंद केला, आणि पान दिसल्या दिसल्या यादी बदलली. पहिल्याच झटक्यात चूक समोर.

पहिल्या आवृत्तीत मामांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजाऱ्याला फोन करून भाव विचारला असता. दुसऱ्या आवृत्तीत त्यांना चुकीचं दिसलं आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. पांढरं पान परवडलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आम्ही तीन गोष्टी केल्या.

एक, यादीभोवती खरा एचटीएमएल फॉर्म घातला, गेट पद्धतीचा, आणि बाजूला "भाव बघा" असं बटण ठेवलं. जावास्क्रिप्ट आलेलं नसेल तरी बटण दाबलं की ब्राउझर स्वतः नवं पान मागतो, पत्त्यात समितीचं नाव जातं आणि सर्व्हर योग्य भाव पाठवतो. जावास्क्रिप्ट आलं की तेच काम पान न बदलता होतं. याला जुनं नाव आहे, प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट. २००३ सालची कल्पना आहे ही, आणि अजून तिला गंज चढलेला नाही.

दोन, भावाच्या तक्त्यावरच समितीचं नाव आणि लिलावाची तारीख छापली. आकडा आणि आकड्याचं नाव एकाच ठिकाणाहून आलं पाहिजे. वरची यादी काहीही म्हणो, खाली "लासलगाव" लिहिलेलं असेल तर माणूस फसत नाही.

तीन, हायड्रेशन झालं की कोडने आधी यादीत खरोखर काय निवडलंय ते बघायचं. पानावर दाखवलेल्या समितीपेक्षा ते वेगळं असेल, तर लगेच नवा भाव आणायचा.

यात भारी तंत्र काही नाही. पण "दोन्ही करा" म्हणताना हे काम कुणीतरी करायचं असतं, आणि ते कुठलंही फ्रेमवर्क तुमच्यासाठी पूर्ण करून देत नाही.

दोघांचं उत्तर जुळलं पाहिजे

हायड्रेशनची एक अट आहे. सर्व्हरने काढलेलं पान आणि ब्राउझरने पहिल्यांदा काढलेलं पान सारखंच निघालं पाहिजे. नाही निघालं तर हायड्रेशन मिसमॅच होतो. रिअ‍ॅक्ट १८ पासून असा मजकूर जुळला नाही, तर रिअ‍ॅक्ट तेवढा भाग टाकून देऊन ब्राउझरमध्ये पुन्हा रंगवतं. म्हणजे सर्व्हरची मेहनत वाया, आणि पान डोळ्यांदेखत हलतं.

हे आपल्याकडे कुठे होतं? तारखेत. बरेचसे सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. समजा ५ जूनला पहाटे चार वाजता शेतकरी उठून पान उघडतो. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा ४ जूनच्या रात्रीचे साडेदहा वाजलेत. सर्व्हर छापतो "आज, ४ जून", ब्राउझर म्हणतो "आज, ५ जून". रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ही चूक होते. आणि आपण सकाळी दहाला ऑफिसात येऊन तपासतो तेव्हा सगळं ठीक असतं!

उपाय सरळ आहे. तारीख दाखवताना दोन्हीकडे टाइमझोन स्पष्ट सांगा, आशिया कोलकाता. आकड्यांचंही तसंच. एकीकडे एक लाख हा १,००,००० असा छापला आणि दुसरीकडे १००,००० असा, तर झालाच मिसमॅच. कोणत्या पद्धतीने छापायचं ते कोडमध्ये लिहा, मशीनवर सोडू नका.

दुसरी नेहमीची ठेच म्हणजे "विंडो इज नॉट डिफाइन्ड". सर्व्हरवर ना विंडो असते, ना लोकल स्टोरेज, ना पडद्याची रुंदी. तिथे यांचं नाव काढलं की कोड कोसळतो. जे फक्त ब्राउझरला माहीत आहे, ते हायड्रेशन झाल्यानंतर विचारायचं.

आणि तिसरी, सुरक्षेची. पानात डेटा ठेवताना तो जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये चिकटवू नका. वापरणाऱ्याने लिहिलेल्या मजकुरात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग असेल, तर ब्राउझर तिथेच स्क्रिप्ट संपली असं समजतो आणि पुढचा मजकूर पानाचा भाग म्हणून वाचतो. तिथून कुणीही आपला कोड घुसवू शकतो. अशी अक्षरं एस्केप करायलाच हवीत.

सगळ्यांचं पान आणि एकट्याचं पान

सर्व्हरवर रेंडरिंग करायचं म्हणजे प्रत्येक भेटीला सर्व्हरला काम. सकाळी हजारो लोक एकदम आले की तो धापा टाकतो. पण भावाचं पान सगळ्यांसाठी एकच आहे ना? मग ते एकदा बनवा, कॅशमध्ये ठेवा, काही मिनिटांनी नवं करा. जुनं पान देत असतानाच मागे नवं बनवून ठेवायची सोयही असते. "आमच्याबद्दल" सारखी कधीच न बदलणारी पानं तर साइट चढवतानाच बनवून ठेवता येतात.

इथे एक लाल दिवा आहे. लॉगिन केलेल्या माणसाचं पान सगळ्यांच्या कॅशमध्ये जाऊ देऊ नका. २०१५ च्या नाताळात स्टीम या गेमच्या दुकानावर नेमकं हे झालं. साइटवर हल्ला चालू होता, त्याला तोंड देताना कॅशची मांडणी चुकली, आणि लोकांना दुसऱ्याच ग्राहकांची खात्याची पानं दिसायला लागली. सुमारे ३४,००० ग्राहकांची माहिती अशी दिसली असण्याची शक्यता आहे, असं त्या कंपनीने नंतर सांगितलं.

म्हणून वाटणी अशी करा. जे सगळ्यांना सारखं आहे, ते सर्व्हरवर बनवून कॅशमध्ये. जे एकट्याचं आहे, म्हणजे त्याचं नाव, त्याच्या आवडत्या समित्या, ते एक तर कॅश न करता सर्व्हरवर, नाहीतर पान आल्यावर ब्राउझरमध्ये. आमच्या पानावर भाव सर्व्हरचा आणि "माझ्या समित्या" ब्राउझरच्या.

फट लहान कशी करायची?

गेल्या काही वर्षांत जे नवं आलंय, त्यातलं बरंचसं ही फट बुजवण्यासाठीच आहे. भराभर बघू.

स्ट्रीमिंग. पानाचा एक भाग हळू असेल, तर बाकीच्यांनी का थांबायचं? २०२२ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १८ मध्ये सर्व्हर तयार झालेला भाग आधी पाठवतो, हळू भागाच्या जागी "येतंय" असं ठेवतो आणि तो तयार झाला की त्याच जोडणीवरून मागाहून पाठवतो. हायड्रेशनही तुकड्यातुकड्याने होतं. तुम्ही ज्या भागावर बोट ठेवलंत, त्याची वायर आधी जोडली जाते.

बेटं. पानावरचा बहुतेक मजकूर नुसता वाचायचा असतो. त्याला कोड कशाला? हालचाल लागते ती फक्त यादीला, आलेखाला. तेवढीच बेटं हायड्रेट करायची, बाकी समुद्र शांत. अ‍ॅस्ट्रो हे फ्रेमवर्क असं चालतं. तुम्ही सांगितल्याशिवाय ते ब्राउझरला जावास्क्रिप्ट पाठवतच नाही. आणि खाली असलेला आलेख, तिथवर स्क्रोल केल्यावरच जागा करायचा, असंही सांगता येतं.

सर्व्हर कंपोनंट. रिअ‍ॅक्टची ही कल्पना २०२० च्या डिसेंबरमध्ये मांडली गेली. काही घटक फक्त सर्व्हरवर चालतात, त्यांचा कोड फोनवर जातच नाही. ज्यांना हालचाल हवी, त्यांच्या फाइलवर "यूज क्लायंट" लिहायचं. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. "यूज क्लायंट" लिहिलं म्हणजे तो घटक फक्त ब्राउझरमध्ये चालतो, असं नाही. पहिलं एचटीएमएल बनवताना तोही सर्व्हरवर चालतो. म्हणून विंडोची ठेच तिथेही लागतेच.

आणि चौथा मार्ग उलट्या दिशेने येतो. एचटीएमएक्स किंवा हॉटवायर. यात सर्व्हर डेटा न पाठवता एचटीएमएलचा तुकडाच पाठवतो आणि ब्राउझर तो जागेवर बसवतो. तुमची टीम पीएचपी, जँगो, रेल्स यांत रमलेली असेल, तर रिअ‍ॅक्टच्या वाटेला न जाताही बरंच साधतं.

मग ठरवायचं कसं?

सांगलीकर मित्रा, टीमच्या बैठकीत फ्रेमवर्कचं नाव काढू नका. फळ्यावर पानाचं चित्र काढा आणि प्रत्येक भागासाठी चार प्रश्न विचारा.

हा भाग बघायलाच माणूस इथे आलाय का? असेल तर तो पहिल्या एचटीएमएलमध्ये असलाच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर जी चौकट दिसते, तीही त्या एचटीएमएलवरूनच बनते. तिथे जावास्क्रिप्ट चालत नाही.

हा भाग सगळ्यांना सारखा आहे का? असेल तर कॅशमध्ये.

याच्यावर माणूस दर सेकंदाला काही करणार आहे का? करणार असेल, तर ब्राउझरमध्ये. आणि लॉगिनच्या मागचं, दिवसभर उघडं राहणारं, हिशोबाचं सॉफ्टवेअर असेल, तर अख्खं ब्राउझरमध्ये केलं तरी चालेल. तिथे पहिले तीन सेकंद एवढे महाग नाहीत.

आणि शेवटचा प्रश्न, जो आम्ही विचारला नव्हता: दिसल्यापासून चालेपर्यंतच्या फटीत कुणी इथे बोट लावलं, तर काय होईल? काहीच होणार नसेल, तर ते भाग्य. चुकीचं काही दिसणार असेल, तर तिथे खरा फॉर्म, खरी लिंक द्या. नाहीतर तो भाग तयार होईपर्यंत स्पष्टपणे बंद दाखवा.

मोजायचं असेल तर गुगलचे दोन आकडे हाताशी ठेवा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा. त्याला एलसीपी म्हणतात. आणि बोट लावल्यावर पडद्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा. तो आयएनपी, जो २०२४ च्या मार्चपासून मुख्य मोजमापांत आला. पण एक सांगू? मामांच्या पानावर हे दोन्ही आकडे हिरवे आले असते, तरी भाव चुकीचाच होता. म्हणून आकड्यांबरोबर एखादा स्वस्त फोन घ्या, गावाकडच्या रेंजमध्ये जा, आणि पान उघडल्या उघडल्या घाईघाईने सगळी बटणं दाबून बघा. घाईत असलेल्या माणसासारखी.

मामांना नंतर मी सगळं समजावून सांगितलं. स्विचबोर्डाची उपमा खरं तर त्यांचीच. माझं पाच मिनिटांचं हायड्रेशनपुराण ऐकून ते म्हणाले, "म्हणजे बोर्ड बसवला अन् वायर जोडायची राहिली, असंच ना? मग जोडेस्तोवर वर पट्टी चिकटवायची रे, 'हात लावू नये' म्हणून." चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं होतं. डिझेलचे पैसे मी देऊ केले, ते घेतले नाहीत. पण त्यानंतर बरेच दिवस ते भाव पानावर बघायचे आणि शेजाऱ्याला फोन करून पडताळायचे. वापरणाऱ्याचा विश्वास एकदा गेला, की तो पुढच्या आवृत्तीबरोबर आपोआप परत येत नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पानांवर अशी फट कुठे सापडली, तर मला नक्की लिहून पाठवा. पुढच्या भागात कॅशबद्दल सविस्तर बोलू, कारण आज तिला नुसता हात लावून पुढे गेलोय. तोपर्यंत नमस्कार.